पापुद्र्याची गोष्ट

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय सर आणि बाई, मागच्या-पुढच्या बॅचचे सगळे मित्रमैत्रिणी, आणि सकाळपासून ‘ओळख बघू मी कोण?’ असं विचारून मला घाम फोडणारे माझे वर्गबंधू-भगिनी,



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘तू संगणकातली आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा-वीस मिनिटं बोल.’ मी म्हटलं, त्यावर हल्ली भाजीवालेसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला दुसरा विषय द्या. कोणता? मी म्हटलं, पापुद्रा. पलीकडे बराच वेळ शांतता होती. तरीही त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल आभार.

या विषयाकडे मी कशी वळले ते आधी सांगते. माझ्या बाबांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. एसटी स्टँडवर पासाच्या खिडकीत बसायचे ते. महिन्याच्या सुरुवातीला आसपासच्या गावांतून येणाऱ्या तुम्हा मुलांची रांग त्यांच्यासमोर लागायची. त्यांच्या आयुष्याची शेवटची अडीच वर्षं डायलिसिसवर गेली. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. माझं काम घरून चालायचं, म्हणून बहुतेक वेळा लॅपटॉप घेऊन मीच त्यांच्या शेजारी बसायचे. यंत्राच्या कडेला एक पारदर्शक, जाडसर नळी उभी लावलेली असायची. तिथले तंत्रज्ञ तिला सरळ ‘किडनी’च म्हणायचे. ‘नवीन किडनी आणा रे’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते. त्या नळीत नेमकं काय असतं याचा शोध घेत घेत मी शेवटी आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातल्या एका शब्दापाशी येऊन पोचले. तो शब्द म्हणजे ‘अर्धपार्य पटल’.

आठवतोय का? परीक्षेत ‘व्याख्या लिहा’मध्ये दोन गुणांना असायचा. काही पदार्थांना आरपार जाऊ देणारं आणि काहींना अडवणारं पातळ आवरण. दोन गुण मिळाले की आपण मोकळे. बाई, तुम्ही बेदाणे पाण्यात घालून ते टम्म फुगलेले आणि मग मिठाच्या पाण्यात घालून पुन्हा सुरकुतलेले दाखवले होते. त्यातले उरलेले बेदाणे कोणी खाल्ले हे मला माहीत आहे, पण ते नाव मी इथे घेणार नाही.

आपल्या घरात हाच प्रयोग रोज होतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्याच्या तळाला पाणी साठतं. कैरी आपण पिळलेली नसते. फोडीतल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी त्या पटलातून बाहेर ओढलं जातं. हेच परासरण. लोणचं टिकतं त्यामागेही हेच आहे. मुरलेल्या लोणच्यात एखादा जिवाणू पडला तर त्याच्या शरीरातलं पाणीही असंच बाहेर निघतं आणि त्याची वाढ थांबते. उलट, रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी दुप्पट दिसते, कारण तिथे पाणी आत जातं.

आणखी एक बघा. बीट चिरून थंड पाण्यात धुतलं की वरवरचा रंग निघतो आणि मग पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. तेच बीट उकळलं की सगळं पाणी लालभडक. उष्णतेनं पेशींची पटलं फाटतात आणि इतका वेळ आत सांभाळलेला रंग बाहेर सांडतो. ‘पटल फाटलं की जे आत ठेवायचं ते बाहेर जातं’ हे वाक्य लक्षात ठेवा. थोड्या वेळानं ते पुन्हा लागणार आहे.

हे पटल असतं तरी केवढं? शाळेच्या प्रयोगशाळेत आपण कांद्याचा पापुद्रा सोलून, आयोडीन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता. विटा रचल्यासारख्या पेशी दिसल्या, आपण जर्नलमध्ये त्या काढल्या. पण त्या रेघा पेशीभित्तिकांच्या होत्या. खरं पटल तिच्या आतल्या बाजूला चिकटलेलं असतं आणि त्या सूक्ष्मदर्शकातून ते स्वतंत्र दिसणं शक्यच नव्हतं. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर. असे दहा हजार थर एकावर एक ठेवले तर जेमतेम आपल्या वहीच्या एका कागदाएवढी जाडी होते.

एवढं पातळ पटल बनलेलं असतं मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचं, आणि त्यात जागोजागी प्रथिनं बसवलेली. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरवली आणि मोजून सांगितलं की पेशीभोवती दोन थर असले पाहिजेत. त्यात बसलेली प्रथिनं म्हणजे दारं. काही दारं फक्त पोटॅशियमची, काही ग्लुकोजची. पाण्यासाठी तर वेगळं दार आहे. पीटर अ‍ॅग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं आणि २००३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या दारातून पाण्याचे रेणू एका रांगेत, एकामागोमाग एक जातात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे पास दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.’ पटलाची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

करोनाच्या काळात आपण साबणानं वीस-वीस सेकंद हात धूत होतो, तेही पटलामुळेच. त्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. तेलकट ताटाचा ओशटपणा साबण जसा सोडवतो, तसंच ते आवरण तो उसवतो आणि विषाणू निकामी होतो.

पटल फक्त सजीवांत असतं असंही नाही. आत्ता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये एक आहे. फोनच्या बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये केसापेक्षाही पातळ, सच्छिद्र प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. लिथियमचे आयन त्यातून ये-जा करतात, पण दोन इलेक्ट्रोड एकमेकांना भिडू शकत नाहीत. तो फाटला की आत शॉर्ट सर्किट होतं आणि बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून फुगलेली बॅटरी दाबून बघायची नसते.

आता माणसानं असा पापुद्रा स्वतःच्या कामाला कसा लावला ते सांगते. १७४८ मध्ये नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरू-शास्त्रज्ञानं दारूच्या अर्कानं भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं. पाणी आत शिरलं आणि मूत्राशय फुग्यासारखं तट्ट झालं. पुढे १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं चर्मपत्रासारखा कागद वापरून दाखवलं की साखरेसारखे लहान रेणू त्यातून पार होतात आणि डिंकासारखे मोठे मागे राहतात. या क्रियेला त्यानं नाव दिलं ‘डायलिसिस’. माणसाच्या आजाराशी त्या नावाचा संबंध यायला मात्र आणखी ऐंशी वर्षं जायची होती.

विलेम कोल्फ हा तिशीतला डच डॉक्टर. देश जर्मनीच्या ताब्यात, युद्ध चालू, साहित्य मिळत नाही. १९४३ मध्ये काम्पेन नावाच्या लहान गावातल्या रुग्णालयात त्यानं सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची लांबच लांब नळी आणली आणि लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळली. पिंप मिठाच्या पाण्यात अर्धं बुडवून फिरवत ठेवलं आणि नळीतून रुग्णाचं रक्त खेळवलं. रक्तातली घाण सेलोफेनमधून पाण्यात उतरू लागली, रक्तपेशी आणि प्रथिनं आतच राहिली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. त्यानं काम सोडलं नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रावर बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षं जगली.

आजची ती ‘किडनी’ म्हणजे कोल्फच्या पिंपाचीच नात. त्या दीड वीत नळीच्या आत सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात, प्रत्येक तंतूचं आतलं छिद्र एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. तंतूंच्या आतून रक्त जातं, बाहेरून उलट्या दिशेनं द्रावण. सगळ्या तंतूंच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड-दोन चौरस मीटर पटल होतं, म्हणजे एका सतरंजीएवढं. मिनिटाला अर्धा लिटर द्रावण धरलं तर चार तासांत १२० लिटर. आठवड्याला ३६० लिटर पाणी माणसाच्या रक्ताशेजारून, फक्त एका पापुद्र्याच्या अंतरानं वाहतं. आपण आठवडाभरात पितो ते साधारण पंधरा लिटर. त्यामुळे हे पाणी पिण्याच्या पाण्याहूनही कितीतरी शुद्ध लागतं. म्हणून प्रत्येक डायलिसिस विभागाच्या मागच्या खोलीत आरओचा मोठा संच घरघरत असतो.

आरओ म्हणजे उलटं परासरण. कैरीच्या भांड्यात पाणी खारट बाजूकडे जातं. इथे खाऱ्या बाजूला दाब देऊन पाणी गोड्या बाजूला ढकलतात. दाब सोसेल आणि पाणीही भराभर सोडेल असं पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवलं. सौरीराजन भारतात जन्मलेले. १९६५ मध्ये त्याच राज्यातल्या कोलिंगा या गावाला अशा पटलातून गाळलेलं पाणी मिळू लागलं. आज ते आपल्या ओट्यावर आहे. जाता जाता सांगते, नळाच्या पाण्याचा टीडीएस पाचशेच्या आत असेल तर साधारणपणे आरओची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये हाच आकडा धरून आरओवर बंधन घालायला सांगितलं होतं. एक लिटर गोड पाण्यामागे घरगुती यंत्र दोन-तीन लिटर पाणी सोडून देतं. निदान ते पाणी फरशी पुसायला, झाडांना तरी वापरा.

एवढं सगळं करूनही डायलिसिसनं काय साधतं? आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी यंत्र १२ तास काम करतं. उरलेले १५६ तास पाणी मोजून प्यायचं. बाबांना दिवसाला किती पाणी ते ठरवून दिलेलं होतं. आई सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवायची, चहा-औषधांचंही त्यातूनच. पोटॅशियम वाढू नये म्हणून नारळपाणी बंद, केळी बंद. भाज्या बारीक चिरून पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, मग शिजवायच्या. उन्हाळ्यात बाबा बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचे. पासाच्या खिडकीत एकट्यानं दोनशे मुलांना हाताळणारा माणूस, पण तहान त्यांना हाताळता येत नव्हती.

आणि हेच काम आपली मूत्रपिंडं बोलता-चालताना, झोपेत, आत्ता माझं भाषण ऐकतानाही करत आहेत. मुठीएवढी दोन मूत्रपिंडं. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, आणि त्याच्या भिंतीला तीन पदरी गाळणी. दिवसाकाठी या गाळणीतून १८० लिटर पाणी पाझरतं. शरीरातला रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. शेवटी लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं पाणी परत घेतलं जातं.

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं इथे एक गंमत आहे. आम्ही संगणकाचं रक्षण दोन प्रकारे करतो. एक म्हणजे वाईट लोकांची यादी करायची आणि त्यांना अडवायचं. अडचण अशी की उद्या नवा चोर आला तर तो यादीत नसतो. दुसरा प्रकार म्हणजे सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फक्त ओळखीच्यांना आत घ्यायचं. मूत्रपिंड दुसऱ्या प्रकारचं आहे. ते लहान आकाराचं सगळंच बाहेर टाकतं आणि मग पुढच्या नळीत ग्लुकोज, क्षार, पाणी, जे जे आपलं ते ओळखून परत घेतं. गेल्या वर्षी शोधलेलं औषध असलं तरी, ते गाळणीतून गेलं आणि ओळखीचं निघालं नाही तर बाहेरच राहतं. आम्ही लोक ही पद्धत अलीकडे शिकलो.

अशा या गाळणीचं एक वाईट आहे. ती बिघडते तेव्हा दुखत नाही. मधुमेह आणि रक्तदाब, ही दोन तिच्या बिघाडाची सर्वांत मोठी कारणं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की गाळणीचे पदर खराब होतात आणि मग जे आत राहायला हवं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपू लागतं. मघाशी बिटाचं वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. फरक इतकाच की बिटाचा रंग दिसतो, हे दिसत नाही. पायाला सूज, दम, मळमळ हे सगळं फार उशिरा येतं. आणि गेलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही.

बाबांना चौदा वर्षं मधुमेह होता. दर तीन महिन्यांनी साखर तपासली जायची, सगळे कागद आईनं फाइलला लावून ठेवलेत. त्या सगळ्या कागदांत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी एकदाही नाही. ज्यांच्याकडे ते जायचे त्यांनी ती कधी लिहूनच दिली नाही. त्यांचं नाव घेऊन आता काही उपयोग नाही. पण ती फाइल चाळताना मी ठरवलं की जिथे माझं चार लोक ऐकतील तिथे हे सांगायचं. आज तुम्ही चारपेक्षा पुष्कळ जास्त आहात.

आपण सगळे पंचेचाळीस ओलांडलेले. सकाळी नाश्त्याच्या वेळी मी बघत होते, दर तिसऱ्या खिशातून गोळ्यांची डबी निघत होती. तर फक्त दोन चाचण्या. एक, रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर. दोन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. ते तीसच्या खाली असावं लागतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दोन्ही वर्षातून एकदा. नुसती पहिली केली आणि ठीक आली म्हणून थांबू नका, कारण गळती सुरू झाली तरी क्रिएटिनिन बरीच वर्षं चांगलं दिसू शकतं. गळती लवकर कळली तर ती मंदावणारी औषधं आज आहेत. आणि गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. त्याही मूत्रपिंडाला त्रास देतात. सर, बाई, हे तुम्हालाही आहे. आयुष्यभर तुम्ही आमची प्रगतिपुस्तकं तपासलीत, आता तुमचे रिपोर्ट आम्हाला तपासू द्या.

आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी सत्तर सुप्रभात येतात. माझी एक विनंती आहे. ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला केक असतोच, त्या आठवड्यात या दोन चाचण्याही करायच्या आणि गटावर फक्त ‘झाल्या’ एवढंच लिहायचं. आकडे लिहू नका, ते तुमच्या डॉक्टरांना दाखवा. कुणाच्या नावापुढे ‘झाल्या’ आलं नाही तर मी फोन करेन. पासाच्या खिडकीतल्या माणसाची मुलगी आहे, यादी नीट ठेवता येते मला.

एवढंच बोलायचं होतं. जेवणाची पानं मांडली जात आहेत असं दिसतंय. स्वयंपाकघरात कुणी ओळखीचं असेल तर सांगा, काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. नाहीतर परासरण सुरू होईल आणि पानात पाणीच पाणी होईल.